नाटक : भांडण दोघांचे, खरे दोघांचेही

 

बारामती म्हटली की मोरोपंतांचे नाव निघतेच. पंतांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. पण त्यांचे आयुष्य गेले बारामतीत, आणि १७९४ साली देहही तेथेच पडला. त्यांच्या आर्या गावोगाव पोचवल्या त्या कीर्तनकारांनी. कीर्तन तुम्ही ऐकलेच असेल. बुवा एकटेच उभे असतात. घटकेत द्रौपदी होतात, घटकेत दुर्योधन. मधेच थांबून द्रौपदीच्या मनात काय चालले असेल, तेही तेच आपल्याला सांगतात. आता समजा, बुवा बाजूला झाले आणि द्रौपदी व दुर्योधन खरोखरच समोरासमोर येऊन बोलू लागले. समजावून सांगणारे कोणी उरले नाही. झाले, नाटक सुरू झाले!

नाटकाचा पहिला धडा तो हाच. कथा लिहिणारा ‘म्हातारा लोभी होता’ असे लिहून मोकळा होतो. नाटककाराला तशी सोय नाही. त्या म्हाताऱ्याने आपल्यादेखत पैसे मोजले पाहिजेत, लेकराच्या हातातले नाणे काढून घेतले पाहिजे. जे सांगायचे ते पात्राच्या तोंडून आणि हातून.

पण दोन माणसे नुसती बोलली म्हणजे नाटक होत नाही. पारावर रोजच बोलतात! एकाला जे हवे ते दुसऱ्याला द्यायचे नसते, आणि दोघांनाही मागे सरता येत नाही, तेव्हा नाटक उभे राहते. याला शास्त्रात संघर्ष म्हणतात.

बारामती-इंदापूरच्या माणसाला याचे उदाहरण लांब शोधायला नको. नीरा डावा कालवा घ्या. एका चारीवर दोन शेतकरी आहेत. वरचा बारामतीकडला, खालचा इंदापूरकडला, अगदी शेवटाचा. खालच्याची पाळी आहे. रात्री तो दारे धरायला येतो, तर पाटात पाणीच नाही. कंदील घेऊन चारीच्या कडेकडेने वर जातो आणि पाहतो, तो वरच्याने पाणी आपल्या उसात वळवलेले! दोघे समोरासमोर येतात. पडदा उघडायला हीच वेळ बरी.

आता इथेच पुष्कळ जण चुकतात. वरच्याला भरघोस मिशा लावतात, खदाखदा हसायला लावतात आणि दुष्ट ठरवून टाकतात. तो दुष्ट ठरला की पुढचे सारे प्रेक्षकांना आधीच कळते, अन् मागची मंडळी तंबाखू मळू लागतात. त्यापेक्षा वरच्यालाही बोलू द्या. “गेली पाळी लांबली, निम्मा ऊस वाळला. ह्याच उसावर सोसायटीचं कर्ज हाय. मी काय करू?” खालचा म्हणेल, “अन् मी पाणीपट्टी भरली ती काय कोरडा पाट बघायला?” आता प्रेक्षक गप्प होतात. चोरी ती चोरीच. पण चोरणाऱ्याचीही काही अडचण आहे, हे त्यांना दिसते. विरोधकाला त्याचे म्हणणे पुरते मांडू देणे, हा नाटकाचा प्राण आहे.

कधी दोन्ही बाजू एकाच माणसाच्या पोटात असतात. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हुशार वकील, सिंधूसारखी बायको. अपमान विसरण्यासाठी तो प्याला उचलतो. त्याची कुस्ती दुसऱ्या कोणाशी नाही, स्वतःशीच आहे. म्हणून ती अधिक झोंबते.

हे झाले लिहिलेले नाटक. पण वहीतले नाटक म्हणजे कणगीतले बियाणे. रुजते ते रंगभूमीवर. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. खालच्या शेतकऱ्याची थकलेली चाल, हा आंगिक. त्याचा चढणारा आवाज, हा वाचिक. खांद्यावरचे खोरे, चिखलाचे धोतर, हा आहार्य. आणि रागाने थरथरताना डोळ्यांत आलेले पाणी, हा सात्त्विक. मुले बहुधा वाचिकावरच थांबतात. पाठ केलेले भाषण माइककडे तोंड करून म्हणतात. त्यांना सांगा, बाबांनो, समोरच्याकडे बघा, त्याचे ऐका, मग बोला.

शेवटचा भिडू प्रेक्षक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. गोष्ट महाभारतातली; पण जुलमी कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. कर्झनचे नाव नाटकात नाही, तरी ते साऱ्या नाट्यगृहाला ऐकू आले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटकाचा उरलेला अर्धा भाग प्रेक्षक आपल्या मनात लिहितो, तो असा.

गुरुजी, बाई, एक करून पाहा. हा चारीवरचा प्रसंग मुलांकडूनच लिहून घ्या. पाटकऱ्याचेही काम ठेवा. त्याला दोघांचेही ऐकून घ्यावे लागते आणि पाणी तेवढेच असते. मात्र कामे वाटताना एक गंमत करा. ज्याचे रान चारीच्या तोंडाला आहे, त्या मुलाला शेवटाच्या शेतकऱ्याचे काम द्या; शेवटाच्या मुलाला वरच्याचे. पहिल्या तालमीला दोघे कुरकुरतील. चौथ्या-पाचव्या तालमीला ते पाठ केलेले म्हणणार नाहीत, भांडतील. एकमेकांच्या बापाच्या बाजूने भांडतील!

त्या दिवशी गावात तुमचे नाटक बसले असे खुशाल समजा. मग पडदा जुन्या धोतराचा असला तरी चालेल.