जोडीचा भरंवसा

पायपर सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या लहान विमानांत प्रत्येक इंजिनावर स्वतंत्र अल्टर्नेटर असतो. एक बंद पडला तरी दुसरा आहेच, हा वैमानिकाचा भरंवसा. परंतु याच भरंवशाआड दोष लपून बसतो.

बॅटरी १२ व्होल्टांची असेल तर तिला सुमारें १४, आणि २४ व्होल्टांची असेल तर सुमारें २८ व्होल्ट दाबाची वीज लागते. दाब वाढला तर बॅटरी तापून तिच्यांतील पाणी उडून जातें; उणा पडला तर ती अर्धपोटींच राहते. हा दाब राखणें हें रेग्युलेटरचें काम. दोन्ही बाजूंचा दाब जुळलेला नसेल, तर एक अल्टर्नेटर सारा भार ओढतो व दुसरा नुसता फिरत राहतो. दिवे लागतात, रेडिओ बोलतो. कोणाला शंकाहि येत नाहीं.

म्हणून उड्डाणापूर्वीं दिवे लावून, आळीपाळीनें एकेक अल्टर्नेटर बंद करावा आणि उरलेला एकटा भार पेलतो कीं नाहीं, हें ॲमीटरवर पाहावें. दुरुस्तीच्या वेळीं पट्टा असल्यास त्याचा ताण, तारांचे सांधे व विमानाच्या सांगाड्याशीं असलेली जोडणी तपासावी. गंजलेला एक सांधाहि रेग्युलेटरला फसवितो.

वीज गेली तरी अशा इंजिनांची ठिणगी मॅग्नेटोवर चालूच राहते, हें खरें. पण रात्रीं, ढगांत, रेडिओ मुका होतो, दिवे विझतात आणि चाकेंहि हातानें सोडावीं लागतात. तेव्हां जोडीवर विसंबूं नका. दोघांचीहि वेगवेगळी परीक्षा घ्या.