मस्टँग घेताना दात बघा!

मी मूळचा नरसिंहपूरचा, नीरा-भीमेच्या संगमावरचा. बीटेक केलं, दिवसभर कोडिंग करतो आणि डोक्यात कायम एकच गाडी: जुनी फोर्ड मस्टँग.

1964 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरमध्ये ती लोकांपुढे आली. लांब बॉनेट, आखूड शेपूट, हवं तर व्ही-8 इंजिन. पण फोर्डच्या कारखान्यातून थेट उजव्या स्टिअरिंगची मस्टँग निघायला 2015 उजाडलं, आपल्याकडे ती 2016 मध्ये आली. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली गाडी मुळात डाव्या स्टिअरिंगचीच.

मागच्या वर्षी एका एजंटने फोटो दाखवले आणि मी पन्नास हजार टोकन देऊन मोकळा! आमचे अण्णा एवढंच म्हणाले, "बैल घेताना दात बघतो आपण. तू काय बघितलंस?"

मग गेलो बघायला. चेसिसवरचा नंबर आरसीशी जुळेना. गाडी सोडली, टोकन बुडालं.

तर ऐका. रंग, आवाज नंतर. आधी चेसिस नंबर, आयातीचे कागद, आरसी. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण त्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही बरं का. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची.

हौस अजून आहेच. फक्त पुढच्या वेळी आधी दात बघणार, मग टोकन. चला, भेटू पुढच्या भागात!