थोड्यांची गणती

एखाद्या गांवानें सर्वांकडून पट्टी गोळा करून सार्वजनिक विहीर खणावी, आणि मग असें जाहीर करावें कीं, अमुक एका कारखान्याची घागर ज्याच्या घरीं असेल त्यानेंच येथें पाणी भरावें, तर गांवकरी काय म्हणतील? असाच प्रश्न २००७ सालीं ब्रिटनमध्यें उपस्थित झाला. तेथें विहिरीच्या जागीं बी.बी.सी. ही संस्था होती आणि घागरीच्या जागीं घरोघरचा संगणक होता.

बी.बी.सी.चा खर्च मुख्यत्वेंकरून परवाना-शुल्कावर चालतो. कांहीं अपवाद सोडल्यास दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कुटुंबांना तें भरावेंच लागतें. २००७ सालीं रंगीत संचासाठीं तें वर्षाला १३५ पौंड ५० पेन्स होतें. त्या वर्षीं २७ जुलै रोजीं संस्थेनें ‘आयप्लेयर’ नांवाची सोय सुरू केली. गेल्या सात दिवसांतील कार्यक्रम संगणकावर उतरवून घ्यावेत व सवडीनें पाहावेत, अशी ती योजना. परंतु ती मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एक्स्पी’ या प्रणालीवरच चाले. मॅकिंटॉश बाळगणारे व लिनक्स वापरणारे लोक दाराबाहेर राहिले.

यामागें कोणाचा दुष्टावा होता असें नाहीं. उतरवून घेतलेली प्रत ठराविक मुदतीनंतर निरुपयोगी झाली पाहिजे, अशी कार्यक्रमांच्या हक्कदारांची अट होती. त्यासाठीं जें कुलूप निवडलें गेलें तें मायक्रोसॉफ्टचें होतें, आणि तें इतर प्रणालींच्या दारांना बसत नव्हतें. बहुसंख्यांची सोय आधीं पाहावी, हा विचारहि व्यवहाराला सोडून नव्हता. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मात्र निराळा होता. व्यापाऱ्यानें आपलें गिऱ्हाईक खुशाल निवडावें. सर्वांचा पैसा घेणाऱ्या संस्थेस ती मुभा नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

हें म्हणणें त्यांनीं रीतसर मांडलें. पंतप्रधानांच्या कचेरीकडे अर्ज गेला व त्यावर १६ हजारांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. सरकारनें उत्तरांत बी.बी.सी. ट्रस्ट या देखरेख-मंडळाचा हवाला दिला. आयप्लेयर शक्य तितक्या लवकर सर्व प्रणालींवर चालूं लागावा, असें या मंडळानें ३० एप्रिलच्या आपल्या निर्णयांतच बजावलें होतें आणि दर सहा महिन्यांनीं प्रगति तपासण्याचें ठरविलें होतें.

याच सुमारास गणतीचा एक उद्बोधक प्रसंग घडला. संस्थेचे एक वरिष्ठ अधिकारी ॲश्ली हायफील्ड यांनीं सांगितलें कीं, आपल्या संकेतस्थळाच्या १ कोटि ७१ लाख ब्रिटिश वाचकांपैकीं लिनक्सवाले सुमारें ४०० ते ६०० असावेत. एवढ्या मूठभर लोकांसाठीं खर्च कोणी करावा, असेंच कोणासहि वाटलें असतें. परंतु त्या आंकड्यावर हरकती येतांच फेरतपासणी झाली आणि तो ३६,६०० ते ९७,६०० असा सुधारण्यांत आला. थोड्यांना किती थोडें समजावें, हें पुष्कळदां मोजण्याच्या पद्धतीवरच अवलंबून असतें. अर्जदार गप्प बसते, तर पहिलाच आंकडा खरा ठरला असता.

डिसेंबर २००७ मध्यें कार्यक्रम उतरवून न घेतां थेट पाहण्याची सोय झाली, व ती मॅकिंटॉश आणि लिनक्स या दोहोंवर चालूं लागली. उतरवून घेण्याची सोय त्यांना मिळण्यास मात्र आणखी एक वर्ष लागलें. शिवाय या दोन्ही गोष्टी ॲडोबी कंपनीच्या साधनांवर आधारलेल्या होत्या. म्हणजे एका कंपनीचें अवलंबन जाऊन दुसरीचें आलें. तेव्हां अर्जदारांचा विजय अपुराच म्हटला पाहिजे.

तरीहि त्याचें महत्त्व कमी होत नाहीं. मार्च २००८ मध्यें आयप्लेयर आयफोनवरहि दिसूं लागला. तें यंत्र त्या वेळीं नवें व थोड्यांच्याच हातीं होतें. आज हातांतील फोनवर कार्यक्रम पाहणें ही घरोघरची नित्याची गोष्ट झाली आहे. कालचे थोडे उद्यांचे पुष्कळ होतात, तें असें. म्हणून सार्वजनिक संस्थेनें दार बांधतांना तें किती जणांना पुरेल एवढेंच न पाहतां, कोण बाहेर राहील हेंहि पाहावें. आणि जो बाहेर राहिला असेल त्यानें, आपण एकटेच आहों असें समजून माघारीं न फिरतां, शांतपणें पण पुनःपुन्हां दार ठोठवावें. त्याच्यामागें किती माणसें उभीं आहेत, हें तो ठोठावीपर्यंत कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं.