पाऊस कधी मागावा?



मे महिन्याच्या अखेरीस, अंग घामाने चिकचिकत असताना, पावसावर बोलायला उभं राहणं म्हणजे उपाशी माणसापुढे पंगतीचं वर्णन करणं. पण माझा नाइलाज आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘ज्यू प्रार्थना आणि निसर्गाविषयीची आध्यात्मिक जबाबदारी’. पत्रिकेवरचे विषय असे भारदस्तच असायचे. मी आज एका लहानशा प्रश्नावर बोलणार आहे: देवाकडे पाऊस कधी मागावा?

तुम्ही म्हणाल, हवा असेल तेव्हा मागावा, त्यात काय विचारायचं? ज्यू धर्मपंडितांना ते एवढं सोपं वाटलं नाही. इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी ‘मिश्ना’ हा धर्मनियमांचा संग्रह सिद्ध केला. त्यात ‘तानीथ’, म्हणजे उपवास, नावाचा एक भाग आहे. त्याची सुरुवातच असल्या प्रश्नाने होते आणि पुढची बरीच पानं पाऊस लांबला तर काय करायचं यावर खर्ची पडली आहेत. साहजिकच आहे. इस्राएलच्या भूमीला नाईलसारखी नदी नाही. तिथला पाऊस हिवाळी, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातल्या पहिल्या सरींना एक नाव आहे, ‘योरे’, आणि शेवटच्या सरींना दुसरं, ‘मल्कोश’. रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायच्या ‘शमा’ प्रार्थनेच्या दुसऱ्या परिच्छेदात हे दोन्ही शब्द आहेत.

आता गंमत बघा. पावसाळा तोंडावर येतो तेव्हा सुक्कोथ हा मांडवांचा सण असतो. आठवडाभर झावळ्या-फांद्यांच्या छपराखाली जेवायचं. त्या दिवसांत पाऊस आला तर ताटात पाणी. तेव्हा सण संपेपर्यंत पावसाचं नावसुद्धा काढायचं नाही. सण संपला की वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा तो तूच, एवढा नुसता उल्लेख करायचा. मागायचं मात्र नाही. मागणी सुरू होते मरहेश्वान महिन्याच्या सातव्या दिवशी, सणानंतर पंधरा दिवसांनी. हे पंधरा दिवस कशासाठी? सणासाठी जेरुसलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू फुरात नदीपर्यंत, आपल्या घरी, कोरड्या पायांनी पोचावा म्हणून.

जेरुसलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलं. तशी यात्रा राहिली नाही, यात्रेकरू राहिला नाही. तरी इस्राएलमध्ये आजही मागणी सातव्या दिवशीच सुरू होते. जमीन भेगाळलेली, शेतकरी आभाळाकडे बघतोय, आणि सगळा समाज कुणा चालत्या माणसासाठी थांबलाय. मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. निसर्गाची स्तोत्रं कुठल्या धर्मात नाहीत? पण आपल्या मागण्याने दुसरा भिजेल का, याचा हिशेब पंचांगात बसवलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अर्थात यात्रेकरूचेही फार लाड नाहीत. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी महायाजक गाभाऱ्यातून बाहेर येताना एक छोटीशी प्रार्थना करी. तीत विनंती असे की, जगाला पाऊस हवा असताना वाटसरूंची प्रार्थना देवाने कानावर घेऊ नये. यावर तालमूद या धर्मग्रंथात एक मिश्कील गोष्ट आहे. हनीना बेन दोसा नावाचा गरीब साधुपुरुष वाटेने चालला होता. पाऊस आला. तो देवाला म्हणाला, सगळं जग सुखात आहे आणि हनीना तेवढा त्रासात. पाऊस थांबला. घरी पोचल्यावर म्हणाला, आता हनीना सुखात आणि जग त्रासात. पाऊस पुन्हा सुरू झाला. त्यावर एका रब्बीने विचारलं, या हनीनापुढे महायाजकाच्या प्रार्थनेचं काय चाललं? मला मात्र त्या गोष्टीतलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. घरात कोरड्या अंगाने बसल्यावर ज्याला जगाची आठवण होते, त्याच्याच हाती पावसाची चावी द्यावी.

आता आपल्या घरी येऊ. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ही माणसं गावोगाव पांगली, गावांवरून किहीमकर, राजपूरकर, पेणकर झाली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना म्हणत ‘शनवार तेली’. पुढे त्यांची विसरलेली रूढ उपासना परत बसली, मुंबईत 1796 मध्ये पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली.

आणि इथेच पंचाईत झाली. इस्राएलबाहेरच्या ज्यूंनी पाऊस मागायचा तो जुन्या गणिताने धरलेल्या शरद संपातानंतर साठ दिवसांनी, बाबिलोनच्या रिवाजाप्रमाणे. बाबिलोन सखल मुलूख, नद्यांच्या पाण्यावर भिजणारा, त्याला घाई नव्हती. आजच्या कॅलेंडरात ती तारीख येते 4 डिसेंबरची संध्याकाळ, काही वर्षी 5. आता 4 डिसेंबरला कोकणात काय असतं? आंब्याला मोहोर! त्या दिवसांत पाऊस पडला तर तुडतुडे, करपा, आणि बागायतदार डोक्याला हात लावून बसलेला. अलिबागच्या इस्राएल आळीतला भाविक सिनेगॉगमध्ये उभा राहून हिब्रूत जे मागतो, ते शब्दशः मिळालं तर शेजाऱ्याचा हापूस गेला. आणि जूनमध्ये, भाताचं सगळं आभाळावर टांगलेलं असताना, पुस्तकात मागणीच नाही.

ही अडचण फक्त कोकणाची नव्हे. निनवेच्या ज्यूंनी यहूदा हनासींनाच विचारलं होतं: आम्हाला तम्मूझमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं? उत्तर आलं की तुम्ही एकट्यादुकट्या माणसासारखे समजा. ठरलेल्या जागी पाऊस मागू नका. ‘शोमेआ तफिला’, म्हणजे प्रार्थना ऐकणारा, या रोजच्या प्रार्थनेतल्या कलमात प्रत्येकाला आपापलं गाऱ्हाणं घालायची मुभा आहे, तिथे मागा. पुढे 1313 मध्ये स्पेनात अवर्षण पडलं, तेव्हा तोलेदोचे रब्बी आशेर बेन येहिएल यांनी आपल्या मुलखाच्या हवेप्रमाणे पावसाचे दिवस बदलावेत असा आग्रह धरला. लोकांनी ऐकलं नाही. मोठ्या पंडिताचं स्वतःच्या गावात चालत नाही, हे तेव्हाही होतंच.

मी आधी रब्बी आशेर यांच्या बाजूचा होतो. ज्या हवेत राहायचं तिच्याप्रमाणे मागावं, हे सरळ आहे. हल्ली मन थोडं बदललंय. कोकणातला माणूस डिसेंबरात जो पाऊस मागत होता तो स्वतःच्या शेतासाठी नव्हताच. न पाहिलेल्या जमिनीसाठी, न भेटलेल्या शेतकऱ्यासाठी तो मागत होता.

याचा अर्थ पायाखालच्या मातीकडे दुर्लक्ष असा मात्र नाही. काहीही खाण्याआधी ज्यू माणूस एक आशीर्वचन, ‘बराखा’, म्हणतो. तालमूदचं मत कडक आहे: ते न म्हणता खाणं म्हणजे देवस्थानची मालमत्ता लाटणं. पण कुठलं म्हणायचं? झाडाच्या फळाचं वेगळं, जमिनीच्या पिकाचं वेगळं. मग केळ्याला कुठलं? बेने इस्राएलांचा ‘मलिदा’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं आणि सभोवती फळं. त्या ताटात केळं असतं आणि त्याला बराखा जमिनीच्या पिकाची. कारण फळ काढल्यावर जो खांब उरून पुढच्या वर्षी पुन्हा फळतो ते झाड. केळीचा खांब घड दिला की संपतो, पुढचं केळं बाजूच्या पिलाला. म्हणजे तोंडात घास घालण्याआधी ती गोष्ट कशी वाढते, कशी मरते, हे ठाऊक पाहिजे. सुपरमार्केटातून सोललेली फळं आणणाऱ्याने ही परीक्षा जरूर देऊन बघावी. मी नापास झालो होतो.

आणि तो घाण्याचा बैल. शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, आज्ञा माणसापुरती नाही, बैल आणि गाढवसुद्धा तीत नावानिशी आहेत. रायगडातल्या खेड्यात शनिवारी घाणा थांबे तेव्हा मालकाबरोबर बैलही मोकळा. तालमूद आणखी सांगते की जनावराला चारा घातल्याशिवाय धन्याने जेवायला बसू नये. शिवाय दिव्याचं तेल विनाकारण जास्त जळेल असं करणाऱ्याला नासाडीचा दोष. वेढ्यात शत्रूची फळझाडं तोडू नका, या बायबलमधल्या मनाईवरून हा नियम वाढत वाढत दिव्यापर्यंत आला. तेल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

शब्बाथाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या दिवशीच्या मुख्य प्रार्थनेतून रोजच्या मागण्यांची कलमं गाळतात. भर अवर्षणातही त्या प्रार्थनेत शनिवारी पाऊस मागत नाहीत. घाण्याला सुट्टी, बैलाला सुट्टी, तशी मागण्यालाही.

1948 नंतर या समाजातली बहुतेक माणसं इस्राएलला गेली. बेर्शेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथल्या काही घरांत आजही मराठी ऐकू येते. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बेर्शेबाला दोनशेच्या आसपास. आजोबांनी मोहोराच्या दिवसांत ज्या मुलखासाठी मागितलं, त्या मुलखात नातवंडं राहतात आणि मरहेश्वानच्या सातव्या दिवसापासून तेच शब्द स्वतःसाठी म्हणतात. तम्मूझमध्ये बेर्शेबाच्या आभाळात ढगाचा ठिपका नसतो. फोनवर कुणी सांगत असेल की मृग कोरडा गेला, नवगावला पेरण्या खोळंबल्यात. तेव्हा एखादी आजी ‘शोमेआ तफिला’शी आली की क्षणभर थांबत असेल का? पुस्तकाने तेवढी जागा ठेवलेली आहे.