वर्गणीचे अंडे आणि हक्काचे ताट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



जानेवारी २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय घेतला. वर्तमानपत्रांत तो एका दिवसाची बातमी झाला आणि विरून गेला. नोव्हेंबर २०२३च्या निर्णयाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे वा अन्य फळ, देण्याची सोय झाली होती. अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला. ज्या शाळांना अंडे द्यावयाचे असेल त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले.

लोकसहभाग हा समाजवादी चळवळीचा आवडता शब्द. म्हणूनच तो कोठे आणि कशासाठी वापरला जात आहे, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्या गावात साखर कारखाना आहे, बाजारपेठ आहे, तेथे शाळेसाठी दाते मिळतील. मोखाड्यासारख्या तालुक्यातील पाड्यावर, जेथील आईबाप दिवाळी सरताच वीटभट्टीची वाट धरतात, तेथे शिक्षकाने वर्गणीचे पुस्तक घेऊन कोणाच्या दारात उभे राहावयाचे? जेथे गरज सर्वांत मोठी, तेथे देण्याची ऐपत सर्वांत लहान. वर्गणीवर चालणारी योजना भुकेच्या विरुद्ध दिशेने वाहते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न एका अंड्याचा नव्हे. प्राथमिक वर्गातील मुलाला मध्यान्ह भोजनातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सरकारी दंडक आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे त्यातील निम्मी प्रथिने असतात. आणि महाराष्ट्राची स्थिती काय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. देशातील संपन्न म्हणवणाऱ्या राज्याचा हा हिशेब आहे.

तमिळनाडूचा अनुभव येथे उपयोगी पडेल. कामराज यांनी १९५६च्या सुमारास मध्यान्ह भोजनाचा विस्तार केला, तेव्हा गावोगावच्या देणग्यांचाच आधार होता. परंतु ते तेथे थांबले नाहीत. सरकारी अनुदान त्यामागे उभे राहिले. १९८२मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी योजना व्यापक केली, तेव्हा लोकानुनयाची टीका झाली. तरीही पुढे सरकारे बदलली, पक्ष बदलले, ताट कोणी काढून घेतले नाही. उलट १९८९मध्ये त्यात अंड्याची भर पडली. वर्गणीने आरंभ होऊ शकतो. अखेरची जबाबदारी मात्र राज्याचीच.

देशाच्या उर्वरित भागात हे सहज घडले नाही. १९९५मध्ये केंद्रीय योजना सुरू झाली, पण बहुतेक राज्यांनी शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य वाटून वेळ मारून नेली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला, आणि २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्याला हक्काचे रूप आले.

काही जाणकार म्हणतात, खुजेपण पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरते. सहाव्या वर्षी शाळेत आलेल्या मुलाला जेवण देऊन काय साधणार? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच अंगणवाडीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण २०२१मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताविषयीच्या अभ्यासाने दाखवले, की ज्या मुलींना शाळेत हे भोजन मिळाले, त्यांच्या पोटी पुढे जन्मलेल्या मुलांची उंची अधिक भरली. आजची विद्यार्थिनी उद्याची माता आहे. शाळेचे ताट दोन पिढ्यांचे ताट असते.

या योजनेत एक वर्गणी मात्र न मागता घेतली जात आहे. केंद्राने २००९मध्ये स्वयंपाकी-मदतनीस बाईंना दरमहा १,००० रुपये, तेही वर्षातील दहा महिने, असे मानधन ठरवले. राज्याने आपली भर घातली, तरी किमान वेतनापासून ते दूरच राहिले. वेतन म्हटले की कायदा आड येतो, म्हणून ‘मानधन’. चुलीपुढे घाम गाळणारी ही गरीब बाईच शासनाच्या पोषण आहाराची सर्वांत मोठी देणगीदार आहे.

मार्ग नाही असे नव्हे. दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्राने रोजगार हमी दानशूरांवर सोपवली नाही. १९७५मध्ये व्यवसायकर बसवला, त्या उत्पन्नाइतकीच भर तिजोरीतून घालण्याचे बंधन राज्याने स्वीकारले, आणि १९७७मध्ये कायदा केला. शहरातील मिळकतीचा वाटा खेड्यातील श्रमिकाच्या हाताला लागला. जे कामाच्या हक्कासाठी जमले, ते मुलाच्या घासासाठी का जमू नये?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी : अंड्याची व फळाची तरतूद अर्थसंकल्पात, आणि स्वयंपाकी बाईंना वेतन. त्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत दुपारी जाऊन मुलांच्या पंगतीत बसावे. ताटात काय पडते आणि काय पडत नाही, हे तेथे दिसेल. मोर्चाचे निवेदन त्यानंतर लिहावे.