रोह्याले मारायचं, का थांबवायचं?

काय म्हणता राजेहो, पेरण्या-डवरण्या कशा काय? हा एपिसोड तुम्ही बसमध्ये ऐकत असाल, हॉस्टेलवर ऐकत असाल, किंवा खरंच जागलीवर बसून एका कानात इयरफोन घालून ऐकत असाल. तिसऱ्या प्रकारचे श्रोते आपल्याकडे कमी नाहीत, हे तुमच्या मेसेजवरून कळतं. म्हणून आजचा विषय त्यांचाच. रोही.

पुस्तकात याला नीलगाय म्हणतात, पण आपल्या अमरावती-अकोल्यात तो रोहीच. नावात गाय असली तरी हा गाईच्या जातीचा नाही, हरणासारखा कुरंग आहे. आशियातला सगळ्यात मोठा कुरंग. नर दोनशे किलोच्या वर जातो. असे दहा-बारा जण रात्री हरभऱ्यात शिरले तर सकाळी काय उरत असेल, विचार करा. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. आमचे मोठेबाबा म्हणतात, "रोही येते एका रातीले, अन् नेते वर्षभराचं."

आता प्रश्न असा, की हे इतके वाढले काहून?

रोह्याला दाट जंगल फारसं आवडत नाही. त्याला पाहिजे मोकळं रान, बाभळी-बोरीची झुडपं, नाल्याकाठचा आडोसा. म्हणजे आपली ई-क्लासची जमीन, गायरान, पडीक. ती कमी होत गेली आणि तिला लागून सोयाबीन, तूर, हरभरा, गहू असं बारमाही ताट वाढून ठेवलं गेलं. त्याला खाणारा वाघ १९७४ पासून मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात राखलेला आहे, पण दर्यापूर-मूर्तिजापूरच्या सपाट काळ्या मातीत वाघ नाही. पिल्लं उचलणारे लांडगे होते, तेही विरळ झाले. त्यात रोह्याच्या मादीला बऱ्याचदा जुळी होतात. भरपूर खाणं, शत्रू नाही, जुळी पिल्लं. ग्राफ कुठे जाणार ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: गोळी घाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची वाट आहेही. कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी देता येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकतं. बिहारमध्ये तसं झालं. जून २०१६ मध्ये मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून दिल्लीत तेव्हाचे पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर आणि त्याच मंत्रिमंडळातल्या मनेका गांधी यांची जाहीर जुंपली. देशभर दोन तट पडले: एक शेतकऱ्याचा, एक प्राण्याचा.

मला हे दोन तटच चुकीचे वाटतात. दया बाजूला ठेवा, नुसता हिशेब करा. कळपातले वीस मारले, तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, त्यांची पिल्लं जास्त जगतात. शेजारच्या शिवारातले रोही रिकामी जागा भरतात. म्हणजे ताट तसंच वाढलेलं ठेवून फक्त जेवणारे बदलले. गोळी दरवर्षी घालावी लागेल, आणि जागल चालूच राहील.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राखीव गवताळ भागांत कांगारू इतके झाले की सरकार ते ठरवून मारतं. तिथेही लोक भांडतात. म्हणून तिथे गर्भनिरोधक लशीचा वापर सुरू झाला. डार्टमधून मादीला एक डोस मारायचा, शरीर स्वतःच प्रजननाच्या हार्मोनविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, आणि पुढची काही वर्षं पिल्लं होत नाहीत. आपल्याकडेही केंद्राने देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेला अशा लशीच्या संशोधनाचं काम दिलं होतं. त्यात हत्ती, माकड, रानडुक्कर यांच्यासोबत रोहीही होता.

ऐकायला भारी वाटतं. पण लस दिलेला रोही उद्याही हरभरा खाणारच, तो आणखी कितीतरी वर्षं जगतो. आणि उघड्या शिवारात प्रत्येक मादी शोधून डार्ट मारायचा, तोवर बाहेरून नवीन येतात. बंदिस्त जागेत, म्हणजे कुंपण असलेल्या मोठ्या परिसरात ही युक्ती चालेल. सगळ्या तालुक्यात चालणं अवघड.

दुसरा पर्याय, पकडून दुसरीकडे सोडणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर भागात आफ्रिकेतली 'बोमा' पद्धत वापरली. कापडाचा मोठा नरसाळ्यासारखा घेर उभा करायचा, हेलिकॉप्टरने प्राणी हळूहळू आत हाकायचे, तिथून गाडीत. नऊशेच्या आसपास प्राणी हलवले. पण त्यातले बहुतेक काळवीट, रोही साठ-सत्तर. एका मोठ्या कळपाचा त्रास कमी करायला हे चांगलं, पण गावोगाव हेलिकॉप्टर येणार नाही. आणि सोडायचे कुठे, हा प्रश्न राहतोच.

मग उरतं काय? कुंपण. इथे नीट ऐका, कारण इथे जीव जातात.

काही लोक तारेत सरळ २३० व्होल्टची लाइन सोडतात. त्यात रोही मरतो, रानडुक्कर मरतं, कधी वाघ-बिबट मरतो, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. मेन लाइनचा करंट सतत वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. सौर कुंपणाचं वेगळं आहे. त्यात व्होल्टेज हजारोंत असतं, पण झटका साधारण सेकंदाला एकदा आणि डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी कमी वेळ. ऊर्जा मोजून मापून दिलेली. प्राणी दचकतो, मागे सरतो, लक्षात ठेवतो. मरत नाही. राज्य सरकारच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना यासाठी अनुदानही आहे.

पण बसवून विसरायची ही वस्तू नाही. तारेला गवत टेकलं की करंट गळतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, खांब कलतात. डुकरासाठी खालची तार जमिनीजवळ पाहिजे, रोह्यासाठी वरची उंच. साड्या बांधणं, भोंगे लावणं हेही काही दिवस चालतं, मग प्राण्याला सवय होते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माझ्या कामात आम्ही सर्व्हरवरचा लोड वाटतो. एका सर्व्हरने दार बंद केलं की सगळा लोड शेजारच्यावर जातो, एकूण लोड तेवढाच. कुंपणाचं तसंच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने आपले दहा एकर बंद केले, की कळप जातो ज्याचे दोन एकर उघडे आहेत त्याच्या वावरात. आपण नुकसान थांबवलं नाही, गरिबाच्या नावावर ट्रान्सफर केलं. म्हणून कुंपण एकेकट्याचं नको, शिवाराचं पाहिजे. दहा-पंधरा जणांचे सलग धुरे मिळून एक घेर, एक बॅटरी, गवत काढायची पाळी ठरलेली. तार कमी लागते, खर्च वाटला जातो. आणि घेराच्या बाहेर गायरान, नाल्याकाठचा पट्टा मोकळा ठेवला, तर रोह्यालाही जायला जागा राहते. ती अतिक्रमणातून वाचवणं हाही पीक राखण्याचाच भाग आहे.

जोवर हे होत नाही तोवर नुकसानीची नोंद तरी करा. वनविभागाची भरपाई पंचनाम्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे लगेच कळवा. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीक विम्यात घेता येईल. प्राणी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे आहेत. तक्रार ७२ तासांच्या आत, पीक विमा ॲपवर, लोकेशनसह फोटो टाकून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे जमेलच असं नाही. फोन तुमच्या हातात आहे, तर ते काम तुमचं.

शेतकऱ्याला रोह्याचा सूड नको असतो, रात्रीची झोप पाहिजे असते. गोळीने ती मिळत असती तर वेगळी गोष्ट होती.

तुमच्या गावात कोणी सामूहिक कुंपण केलंय का? कसं टिकवलं, भांडणं कशी मिटवली? व्हॉइस नोट पाठवा, वऱ्हाडीत बोला, पुढच्या भागात ऐकवतो. जागलीवर असाल तर टॉर्च आणि काठी सोबत ठेवा, अन् पायाखाली पाहून चाला. भेटू.