मनाचे माजघर



आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आरोपीची मेंदूचाचणी त्याच्या संमतीवाचून घेण्यास मनाई केली. सक्ती अशी अडविता येते. पण संमती न वाचताच दिलेली असली तर?

चिली देशाने २०२१ साली राज्यघटनेतच मेंदूच्या कार्याला व त्यातील माहितीला संरक्षण दिले. त्यासाठी झटलेले सिनेटर गीदो हिरार्दी यांनी पुढे मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणारी एक शिरपट्टी विकत घेतली. नोंदी कंपनीपाशीच राहिल्या. त्यांनी अटी मान्य केल्या होत्या, हा कंपनीचा बचाव. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो न मानता नोंदी पुसून टाकण्याचा हुकूम दिला.

पाहुण्याला आपण ‘या’ म्हटले, म्हणून त्याने कपाट उघडावे असे होत नाही. मन तर घराच्याही आतले माजघर!